शेवाळ्या बंद करा

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसा सकाळी एकीमागे एक निघतात आणि त्यातल्या बहुतेकींमध्ये माणसं झोपलेली असतात. माना खिडकीला टेकलेल्या, डबे मांडीवर, आणि डांगे चौकात चढलेला माणूस थेट कंपनीच्या गेटवर डोळे उघडणार. दत्तोबांची बस तेवढी याला अपवाद होती. दत्तोबा म्हणजे ड्रायव्हर. त्यांच्या बसमध्ये मोशी मागे पडली की मागच्या सीटांवर अशी झुंबड उडायची, की नव्या माणसाला वाटावं आत भांडण लागलंय. भांडण नसायचं, लीग चालू असायची.

लीग 'अक्राळ'ची. हा मोबाइलवरचा खेळ. दोघांनी आपापले तीन राक्षस घेऊन समोरासमोर यायचं, दर फेरीला एकमेकांना न दाखवता एकेक चाल निवडायची आणि समोरच्याचे तिन्ही आडवे करायचे. खेळात राक्षसांची नावं इंग्रजी, लांबलचक आणि कुणाच्याही जिभेवर न बसणारी. म्हणून बसनं सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. तोंडातून जाळ काढणारा लांडगा तो भडक्या. शेपटीनं डंख मारणारी ती विंचवी. आणि अंगभर शेवाळ माजलेला, अर्धे डोळे मिटून बसलेला जो एक धोंड्यासारखा प्राणी होता, तो शेवाळ्या.

शेवाळ्या योगिनीचा होता, आणि सध्या सगळ्या बसला तो नको झाला होता.

योगिनी मूळची अहमदपूरकडची. पिंपळे गुरवला शालनमावशीकडे राहायची आणि कंपनीत क्वालिटीत होती. आलेला माल मोजायचा, बरोबर असेल तर हिरव्या ट्रेत, चुकीचा असेल तर लाल ट्रेत. तिला घाई मुळात आवडत नसे. ती रागावली तरी सावकाश रागवायची, आणि ती रागावली आहे हे समोरच्याला कळेपर्यंत तिचा राग उतरलेलाही असायचा. नवीन नवीन बसमध्ये तिच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. तेव्हा तिनं हा खेळ घेतला आणि त्यातला सगळ्यात नकोसा राक्षस निवडला. शेवाळ्या सुरुवातीला अंगठ्याएवढा असतो आणि वाढता वाढत नाही. भडक्या आठवडाभरात गुरगुरायला लागतो. शेवाळ्याला पुरतं वाढवायचं म्हणजे महिनोन् महिने रोज त्याच्याकडे लक्ष द्यायचं, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही. योगिनी गेली. रोज बसमध्ये बसल्यावर त्याला पाणी घालायचं, ऊन दाखवायचं, आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचं. तिला तो फार आवडायचा. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, म्हणून तिनं सांगितल्या नव्हत्या.

वाढलेला शेवाळ्या लढायचाही तिच्यासारखाच. समोरच्यावर बुरशी सोडायची. ती बुरशी दर फेरीला समोरच्याचा थोडा थोडा जीव खात राहायची. आपण जमिनीत मूळ धरायचं, म्हणजे मार अर्धाच लागतो आणि गेलेला जीवही हळूहळू भरून येतो. मूळ धरलेलं असताना मात्र हात उगारता येत नाही. बाकीची बस मारणाऱ्यांची होती. मारा, जाळा, आडवं करा. त्यांना हे बसून राहणं बघवत नसे.

बसचे नियम सुजितनं केलेले. सुजित दापोडीचा, टूलरूममध्ये कामाला. लीगचा संस्थापक, पंच, खेळाडू आणि हिशेबनीस हे सगळे तो एकटाच. नियम सोपे होते. मोशीला शेवटचा माणूस चढला की डाव सुरू, आणि कंपनीचं गेट आलं की बंद. तोवर कुणीच पुरतं हरलं नसेल, तर ज्याच्या राक्षसांत जास्त जीव उरला तो विजयी. जो महिन्याची लीग जिंकेल, त्याला पुढच्या महिनाभर दत्तोबांच्या बाजूची पुढची सीट. पाय पसरता येतात, खिडकी अख्खी उघडते, आणि गाणी कोणती लावायची ते तोच ठरवतो. या सीटसाठी माणसं जीव टाकायची, हे बसबाहेरच्या कुणाला सांगून पटणार नाही.

मोशीला चढणारा शेवटचा माणूस म्हणजे दिग्विजय. जुन्या गावातलं घर, दारात स्वतःची चारचाकी उभी, तरी हा गडी कंपनीत बसनं यायचा, ते केवळ खेळायला. भडक्या त्याचाच. दिग्विजयला आयुष्यात कशासाठी थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कँटीनच्या रांगेत तो मागून पुढे सरकायचा, बसमधून उतरताना बस थांबायच्या आधी त्याचा एक पाय खाली असायचा. खेळायचाही तसाच. पहिल्या चालीला 'वणवा'. हा भडक्याचा सगळ्यात मोठा हल्ला. तो केला की पुढच्या फेरीत भडक्या नुसता धापा टाकत उभा राहतो, पण दिग्विजयचं म्हणणं असं, की पुढची फेरी येतेच कशाला.

मागच्या वर्षी शेवाळ्याची सगळे टर उडवायचे. "तुमचा दगड आणलाय का हो मॅडम?" असं विचारायचे. योगिनी हसायची आणि हरायची. या वर्षी दिवाळीनंतर मात्र चमत्कार झाला. योगिनी जिंकायला लागली. आधी एक डाव, मग सलग, आणि या महिन्यात तर ती सेमीफायनलला पोचली. समोर खुद्द सुजित.

तो डाव गुरुवारी झाला. चिंबळी फाट्याच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला होता. कुणी खणला आणि का खणला, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. चाकणच्या रस्त्याला कारण लागत नाही. कुरुळीच्या अलीकडे बस जी उभी राहिली ती राहिलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला टँकर. सुजितनं सुरुवातीला योगिनीचे दोन राक्षस भराभर लोळवले आणि भोवतालच्यांनी शिट्ट्या मारल्या. मग मैदानात शेवाळ्या उतरला, मूळ धरून बसला, आणि बुरशी कामाला लागली. सुजित मारत होता, शेवाळ्या भरून काढत होता. ट्रेलर वीतभर सरकला की बस वीतभर सरकायची. सुजितचा पहिला गेला, दुसरा गेला, आणि तिसरा धापा टाकत असताना एकदाचं गेट आलं. जास्त जीव योगिनीचा होता.

"राव, हे काय खेळणं झालं?" सुजित फोन मांडीवर आपटत म्हणाला. "मी मारतोय, मारतोय, आणि हा गडी आपला शेताच्या बांधावर बसल्यासारखा बसलाय!"

"नियम तुमचाच आहे, सुजितदादा," योगिनी म्हणाली.

"नियम माझा, पण राक्षस हा नाही चालणार."

दिग्विजय फायनलला आधीच पोचलेला होता. तो उतरता उतरता, एक पाय खाली टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "शेवाळ्या बंद करा. त्याच्यासमोर कुनीबी बसा, हरनारच. ह्याच्यात खेळनाऱ्याचं काय कसब हाय? त्यो आपोआपच जिंकतोय!"

दुपारच्या चहापर्यंत बसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तीन शब्द फिरायला लागले: शेवाळ्या बंद करा. खाली अंगठेच अंगठे. सुजितनं जाहीर केलं, की शनिवारी फायनलच्या आधी बसमध्येच हात वर करून निकाल लावू. बंद ठरलं तर योगिनीनं दुसरा कुठलाही राक्षस घ्यावा, कुणीही उसना देईल.

योगिनीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सीट मिळो न मिळो, तिला त्याचं एवढं काही नव्हतं. पण शेवाळ्याशिवाय खेळायचं म्हणजे या बसमध्ये पुन्हा पहिल्या दिवसासारखं खिडकीबाहेर बघत बसायचं. उसना भडक्या घेऊन आरडाओरडा करणं तिच्यानं झालं नसतं. आणि 'आपोआप जिंकतो' हे तर तिच्या मनाला फारच लागलं. इतके महिने पाणी घातलं ते काय आपोआप होतं?

"काय करालीस गं अशी तोंड पाडून?" संध्याकाळी शालनमावशीनं विचारलं.

"शेवाळ्याला बंद करायलेत, मावशी."

मावशीला शेवाळ्या माहीत होता. भाजी निवडताना ती अधूनमधून त्याची चौकशी करायची. "बसून राहणाऱ्याचाच लोकांना राग येतो बघ," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ढकलली. "घे, निवडू लाग."

शुक्रवारी सकाळी योगिनीच्या टेबलावर एक लाल ट्रे आला. पितळी बुश होते, दांड्यावर बसणाऱ्या आखूड नळ्या. लाइनवरच्या माणसानं सगळे नापास केले होते. भोक मोठं, म्हणे. सगळेच्या सगळे. पुरवठादाराला फोन करून फैलावर घ्यायची तयारी चालू होती. योगिनीनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एखादा बुश चुकीचा निघतो, दोन निघतात. अख्खा ट्रे चुकीचा निघाला तर माल बघायच्या आधी ज्यानं मोजलं ते गेज बघायचं, ही तिच्या कामाची पहिली सवय. तिनं कपाटातली मास्टर रिंग काढली, जिचं माप पक्कं ठाऊक असतं, आणि डायल गेज तिच्यात घातलं. काटा शून्यावर यायला हवा होता. तो पुढे जाऊन बसला. गेजचा झिरो सरकला होता. तिनं तो जागेवर आणला आणि बुश पुन्हा मोजले. सगळे चांगले निघाले. लाल ट्रेतला माल हिरव्या ट्रेत गेला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

कँटीनमध्ये आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता तिचा हात मध्येच थांबला. लीगचं गेज कोणतं?

गेट. गेट आलं की मोजायचं, हेच तर गेज. आणि गेट कधी येणार हे रस्ता ठरवतो. मागच्या वर्षी रस्ता मोकळा होता. बस मोशीहून निघायची आणि शेवाळ्या नीट मूळ धरतोय तोवर गेट यायचं. मारणारा पुढे असायचा, म्हणून मारणारा जिंकायचा. दिवाळीनंतर रस्ता खणला. डाव लांबले, बुरशीला वेळ मिळाला आणि शेवाळ्या जिंकायला लागला. राक्षस तोच, योगिनी तीच, खेळाच्या कंपनीनंही काही बदललेलं नव्हतं. सरकला होता तो फक्त झिरो.

याचा दुसरा अर्थही तिला लगेच कळला, आणि तो तितकासा गोड नव्हता. मागच्या वर्षी रस्त्यानं शेवाळ्याला हरवलं असेल, तर या वर्षी रस्त्यानंच त्याला जिंकवलं होतं. तिच्या ज्या विजयांवर ती मनातल्या मनात खूश होती, त्यातले निम्मे ट्रेलरवाल्यांचे निघाले. थोडा वेळ तिला आमटी गोड लागली नाही. मग तिनं ठरवलं, की सांगायचं तर सगळंच सांगायचं.

शनिवारी मोशीला दिग्विजय चढला आणि सुजित उभा राहिला. "हां, तर शेवाळ्या बंद करा म्हणणाऱ्यांनी हात—"

"थांबा, सुजितदादा," योगिनी उठली. बस गचके खात होती, तिनं वरचा दांडा धरला. आणि नेहमीच्या सावकाश पद्धतीनं तिनं सगळं सांगितलं. बुश सांगितले, गेज सांगितलं, मागच्या वर्षीचा रस्ता सांगितला. आपले विजय निम्मे रस्त्याचे आहेत, हेही सांगितलं.



"मागच्या वर्षी मी हिला लागोपाठ हरवलं होतं," सुजित आठवत म्हणाला. "एकदम सोपं."

"हरवलं कुठं भावा? तवा गेट लवकर आलं हुतं," दिग्विजयच म्हणाला, आणि सगळे हसले. सुजितही हसला, जरा उशिरानं.

मुद्दा पटला. मोजमाप गेटवर नको, फेऱ्यांवर. फेरीचा आकडा तसाही फोनच्या कोपऱ्यात दिसतोच. अमुक इतक्या फेऱ्या झाल्या की जास्त जीव त्याचा विजय. रस्ता मोकळा असो की तुंबलेला. पण 'अमुक इतक्या' म्हणजे किती, यावर जी जुंपली ती जुंपली. दिग्विजय म्हणाला, "धा. धात मानूस मारता येत न्हाई तर खेळू नये." मधूनच कुणी म्हणालं, पन्नास. कमी आकडा म्हणजे मारणाऱ्यांची चंगळ, जास्त आकडा म्हणजे बसणाऱ्यांची. जो तो आपल्या राक्षसाच्या सोयीचं बोलत होता. बस इंद्रायणीचा पूल ओलांडून पुढे आली तरी फायनलचा पत्ता नव्हता.

"मी आणि माझी धाकटी बहीण गुळाचा खडा वाटून घ्यायचो," योगिनी म्हणाली. "एकीनं फोडायचा आणि दुसरीनं आधी उचलायचा. मग फोडणारी बरोबर मधोमध फोडते. तसं करू. आकडा मी सांगते. आणि कुणी कोणते राक्षस घेऊन खेळायचं, ते दिग्विजयभाऊ ठरवतील."

सगळ्यांना हे इतकं आवडलं की शिट्टी वाजली.

"सांग आकडा," दिग्विजय म्हणाला.

कालपासून ती तोच मनात घोळवत होती. शेवाळ्या किती फेऱ्यांत भरून येतो, भडक्या किती फेऱ्यांत दमतो. "वीस," ती म्हणाली. अगदी प्रामाणिक आकडा होता. आणि मनातून तिची खात्री होती, की दिग्विजय आपला भडक्या सोडणं शक्य नाही.

दिग्विजयनं तिच्याकडे बघितलं, आपल्या फोनकडे बघितलं, आणि फोन तिच्यापुढे धरला. "हा घे. आन तुझा दे. मी शेवाळ्या घेतो."

बसमध्ये असा गलका झाला की दत्तोबांनी आरशातून मागे पाहिलं. "काय झालं रं?"

"आमीच म्हनतोय ना, त्यो आपोआप जिंकतो?" दिग्विजय म्हणाला. "मग बघू की. मी त्याला कधी हात लावलेला न्हाई. मी जिंकलो तर त्यो खरंच आपोआप जिंकतोय, बंद करायचा. हिनं भडक्या घेऊन शेवाळ्याला हरवलं तर राहू द्या. काय म्हनता?"

सुजितनं पंच म्हणून मान डोलावली. योगिनी फोन हातात धरून उभीच राहिली. शेवाळ्याला वाचवायचं, तर आता तिलाच त्याला हरवायचं होतं.

डाव सुरू झाला. पहिले राक्षस दोन्हीकडचे पडले, दुसरे पडले. त्यात सांगण्यासारखं फार नाही. दिग्विजय विंचवीला भडक्यासारखं पळवत होता आणि ती दमून पडली. योगिनी उगाच जपून खेळत होती आणि तिचाही पडला. फेऱ्या निम्म्या संपल्या तेव्हा उरले दोघेच, इकडे भडक्या, तिकडे शेवाळ्या. तिनं पहिल्यांदाच त्याला समोरून पाहिलं. आजवर तिला त्याची पाठच दिसायची. समोरून तो केवढा दिसत होता! शेवाळाच्या झुलपांमधून ते अर्धे मिटलेले डोळे तिच्याकडेच बघत होते, आणि तो काहीच करत नव्हता. सुजितदादांना काय वाटलं असेल, ते तिला आत्ता कळलं. समोर उभं राहिल्याशिवाय कळण्यासारखं ते नव्हतंच.

दिग्विजयला मात्र बसवेना. मूळ धरायचं सोडून तो शेवाळ्याला मारायला पाठवत होता, आणि शेवाळ्याचा मार तो काय! योगिनीनं भडक्याला आवरून धरलं. वणवा राखून ठेवला, लहान लहान चावे घेतले. भडक्या इतका शहाण्यासारखा कधी वागला नव्हता. शेवाळ्याचा जीव निम्म्याहून खाली आला.

"भाऊ, मूळ धर, मूळ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रं!"

तेवढ्यात त्याच्या हातातला योगिनीचा फोन वाजायला लागला. 'शालनमावशी.' दिग्विजय भांबावला, पण मोठ्या माणसाचा फोन कापायचा कसा? त्यानं तो घेतला.

"मावशी, मी दिग्विजय बोलतोय, योगिनीच्या बसमधला. ती बरी हाय. शेवाळ्या माझ्याकडं हाय. आत्ता लई नाजूक परिस्थिती हाय."

पलीकडून मावशीचा आवाज अख्ख्या बसला ऐकू आला. "मग त्याला बसू दे की बाबा! कशाला हलवालास?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्विजय हसला नाही. त्यानं फोन ठेवला, जरा वेळ स्क्रीनकडे बघितलं, आणि शेवाळ्याला मूळ धरायला लावलं. पुढच्या फेरीला पुन्हा मूळ. मग एकदाच उठून बुरशी सोडली, आणि पुन्हा मूळ. बस आळंदी फाट्याजवळ थांबली होती, पण आज रस्त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दिग्विजयच्या कपाळावर घाम होता. अंगठा दाबायला शिवशिवत होता आणि दिग्विजय दुसऱ्या हातानं तो आवरत होता, हे योगिनीनं पाहिलं.

शेवटची फेरी उरली. भडक्याचा जीव इतका थोडा होता, की फेरी संपताना बुरशी त्याला खाणारच. म्हणजे याच चालीत शेवाळ्याला पाडायला हवं. मार्ग दोनच होते. शेवाळ्या मारायला उठला, तर वणवा त्याला जागीच संपवेल. त्यानं मूळ धरलं, तर वणवा अर्धाच लागेल आणि तो तगेल. तेव्हा भडक्यानं मुळाशी चावा घ्यायचा; मूळ धरलेला त्यापुढे आता टिकणार नाही, पण उठलेल्याला तो चावा लागतच नाही. तो उठणार की बसणार, एवढंच ओळखायचं होतं.

योगिनीनं दिग्विजयकडे बघितलं. कँटीनच्या रांगेतला दिग्विजय, बस थांबायच्या आधी पाय खाली टाकणारा दिग्विजय. शेवटच्या चालीला हा माणूस बसून राहील? शक्यच नाही. तिनं वणवा दाबला.

शेवाळ्या बसूनच राहिला.

जाळ त्याच्या अंगावरून गेला, शेवाळ करपलं, आणि धूर विरल्यावर तो होता तिथेच, अर्धे डोळे मिटून, केसभर जीव घेऊन. मग बुरशीनं आपलं काम केलं आणि भडक्या आडवा झाला.

योगिनी हरली होती. तिनं दिग्विजयला ओळखलं होतं, पण तो कालचा दिग्विजय. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाईटबिईट काही वाटलंच नाही. कुणीतरी शेवाळ्याला नीट खेळवलं, याचा तिला इतका आनंद झाला की ती टाळ्या वाजवायला लागली. मग तिला ठरलेलं आठवलं आणि हात खाली आले.

सुजितनं घसा साफ केला. "म्हणजे ठरल्याप्रमाणे... शेवाळ्या बंद."

"थांब," दिग्विजय म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता.

"आपोआप म्हनलो हुतो ना मी?" त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "हे बघ. भडक्यानं खेळताना मला कधी घाम न्हाई आला. मारत हुतो तवा हरत हुतो, बसलो तवा जगलो. आन बसनं लई अवघड हाय भावा. ह्यात कसब न्हाई असं जो म्हनंल, त्यानं माझ्यासमोर शेवाळ्या घेऊन दाखवावा. बंदबिंद काय न्हाई. वीस फेऱ्या, आन ज्याला जो पायजे तो राक्षस."

कुणाचा हात वर झाला नाही. गेट आलं. दिग्विजय बस पुरती थांबल्यावर उतरला, आणि तेही त्यानं लक्षात येऊन केलं नसावं.

परतीच्या बसमध्ये पुढची सीट त्याचीच होती. पाय पसरून बसला होता, खिडकी अख्खी उघडी, आणि दत्तोबांनी विचारूनही त्यानं गाणं काही सांगितलं नव्हतं. तो फोनमध्ये डोकं घालून होता. योगिनी शेजारून मागे जायला लागली तशी त्यानं तिला हाक मारली आणि स्क्रीन दाखवली. तिथे अंगठ्याएवढा एक शेवाळ्या होता, नवा कोरा, अंगावर शेवाळाचा एकच तुरा. त्यानं दुपारच्या सुट्टीत घेतला होता.

"पानी घातलं," तो म्हणाला. "ऊनबी दाखवलं. हलतबी न्हाई. ताई, ह्याला मोठं व्हायला किती येळ लागतो?"

"खूप," योगिनी म्हणाली.

दिग्विजयनं फोन खिडकीच्या कडेला, उन्हात नीट टेकवून ठेवला.

"लागू दे," तो म्हणाला.